महिन्याभराचं काम

परवा दुपारी एक माणूस दुकानात शिरला. गालावर रुमाल, डोळे तांबारलेले, बॅगेच्या दांड्याला विमानतळाची पट्टी अजून तशीच. म्हणाला, "ताई, ते दातवाले तात्या कुठं भेटतील?" आखातातून आला होता. तिथं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, घोडेगावात उतर, मेडिकलच्या बाकावर तात्या बसलेले असतील, पुढचं ते बघतील. मी म्हटलं, "तात्या वारले, भाऊ. दवाखाना वर आहे, जा जिन्यानं." तो "अरे अरे" म्हणाला आणि तिथंच घुटमळला. दवाखान्याची पाटी डोळ्यांसमोर होती, तरी त्याला आधी तात्या हवे होते. असं अजून अधूनमधून होतं, आणि दर वेळी मला राग येतो. त्या माणसाचा नाही. तात्यांचाच येतो.

खाली माझं मेडिकल आणि वर डॉक्टर मॅडमचा दातांचा दवाखाना. दात दुखणारा माणूस आधी माझ्याकडं येतो, गोळी मागतो आणि 'वर जा' म्हटलं की 'नको, गोळीच द्या' म्हणतो. तात्याही पहिल्यांदा तसेच आले. शिनोलीचे. नारायणगावात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गॅरेजात मेस्त्री म्हणून सगळा जन्म गेलेला. आता काम सोडून घरी बसले होते, पण नखांच्या कडेचं काळं काही गेलं नव्हतं. गाल असा सुजलेला की डोळा अर्धा मिटला होता. मी गोळी दिली नाही. "आधी वर दाखवून या, मग देते," म्हटलं.

"ताई, तुमी दुकान चालवता का शाळा?" म्हणाले. पण गेले बापडे वर.

खाली आले ते एकदम खुशीत. अर्धं तोंड बधिर, लाळ गळतेय, तरी बोलणं थांबेना. मॅडमनी म्हणे हत्याराच्या मागच्या टोकानं एकेक दात ठोकून बघितला होता. "आमी बी चाकं अशीच ठोकतो, ताई! टायरवर हातोडी हाणली की आवाजावरनं कळतं कंचं चाक बसलंय त्ये. मॅडम आमच्याच लाइनीतल्या हायती." त्या दिवसापासून त्यांचा मॅडमवर जो विश्वास बसला तो बसलाच. इंजिनांच्या आवाजानं कान गेलेले, त्यामुळं हे सगळं त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की समोरच्या चहावाल्यानंही ऐकलं.

पुढं त्यांच्या शेजारचा एक जण मस्कतहून सुट्टीवर आला. तिकडं दाताला हात लावायचा म्हणजे पगार गेला, म्हणून ही परदेशातली मंडळी वर्षभर दुखरा दात दाबून धरतात आणि गावी आली की आ वासतात. तात्यांनी त्याला मॅडमकडं आणलं. त्यानं परत गेल्यावर आपल्या कॅम्पात सांगितलं. झालं! पेठ काय, मंचर काय, पार जुन्नरकडच्या मढपर्यंतची माणसं तात्यांचा नंबर विचारत यायला लागली. कुणी आखातातला ड्रायव्हर, कुणी जहाजावरचा स्वयंपाकी, एक तर आयर्लंडमध्ये नर्स असलेली मुलगी. तात्या प्रत्येकासाठी वर जाऊन नंबर लावायचे, त्याला माझ्या बाकावर बसवायचे, सोबत जिना चढायचे आणि दात काढून खाली आणलं की स्टीलच्या डब्यातून नाचणीची आंबील पाजायचे. "कोमट हाय, बिनघोर पी. दुसऱ्या अंगानं पी, येड्या."

एकदा कुणीतरी दात विचकत विचारलं, "तात्या, मॅडम कमिशन किती देतात?" तात्या ताडकन उठले. "मेस्त्री हाय मी, दलाल न्हाई!" तो माणूस दुकानात परत म्हणून आला नाही. मला काय, एक गिऱ्हाईक गेलं, पण बरं वाटलं.

बाकावर बसलेल्याची ते चौकशी करायचे. तिकडं जेवतो काय, रांधतं कोण, थंडीत काय करतो. पण पहिला प्रश्न ठरलेला, "किती दिस हायेस?" समोरचा म्हणायचा पंधरा दिवस, कुणी म्हणायचं तीन आठवडे. उत्तर काहीही असो, तात्या चुकचुकायचे. दात राहायचा बाजूला आणि त्या पोराच्या आईबापाकडं किती दिवस आले, सासरवाडीनं किती पळवले, असा त्यांचा हिशेब चालायचा.

पेठेचा एक क्रेनवाला होता. हा उंचापुरा गडी, हात असे की माझ्या दुकानाचं शटर एका बोटानं ओढील. तो विमानातून उतरला तो घरी न जाता थेट इकडं आला, ट्रंक, बॅगा, दोरीनं बांधलेला टीव्ही, सगळं घेऊन. दाढ ठणकत होती बिचाऱ्याची. तात्यांनी विचारलं, "आईला भेटलास?" तो म्हणाला, "आधी दाढ दाखवतो, मग जातो." तात्यांनी त्याला बाकावरूनच उठवलं. "ऊठ! आदी आईला तोंड दाखव, मंग मॅडमला दाखव. दोन वर्षं ठनकली, आजून एक रात ठनकंल." मी मधे पडले, म्हटलं, तात्या, त्याचं दुखणं बघा तरी! तात्यांनी माझ्याकडून गोळी घेतली, त्याच्या तोंडात घातली आणि त्याला खरंच गाडीत बसवून पेठेला पाठवला. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊनच आला. ती म्हातारी जिन्यात बसून राहिली आणि आत तो क्रेनवाला इंजेक्शन बघून असा ओरडला की ती पदर खोचून वर धावली. तात्या हसून हसून खोकायला लागले. मीही हसले. पण तात्यांनी त्याला घरी का हाकललं, ते मला ठाऊक होतं.

कारण त्यांचा मिलिंद. एकुलता एक. मेस्त्रीच्या पोरानं शिकून कॉम्प्युटरची मोठी नोकरी मिळवली आणि बायको-मुलीला घेऊन इंग्लंडात गेला. तात्यांची बायको गेली तेव्हा आला होता, आठवडाभर. त्यानंतर नाही. पोरगा वाईट नव्हता हो. दर शनिवारी न चुकता फोन करायचा. तात्या शनिवारी ठरवून माझ्या बाकावर असायचे आणि ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर टाकायचे. त्यामुळं त्या बापलेकांचं सगळं बोलणं माझ्या दुकानातल्या कफ सिरपच्या बाटल्यांनीसुद्धा ऐकलंय.

तर एका शनिवारी मिलिंद म्हणाला, "तात्या, दोन दाढा किडल्यात. पुढच्या दाताचा तुकडा पडलाय. इथं सरकारी दवाखान्यात नवीन पेशंट घेतच नाहीत. आणि खासगीत जायचं तर सालटी काढतात."

तात्यांचा चेहरा मी बघत होते. पोराचे दात दुखतात, बापाला वाईट वाटायला पाहिजे ना? हे तर उजळले!

"मंग हिकडं यं की! मॅडम हायती. सगळं इंग्लंड हितं येतंय दात करायला आन् माझाच पोरगा तिकडं कळा काढतोय व्हय?"

"तेच म्हणत होतो," मिलिंद म्हणाला. "किती दिवस लागतील, विचारून सांगता का?"

मिलिंदनं दातांचे फोटो, एक्स-रे, सगळं मोबाइलवर पाठवलं. तात्या वर गेले. मॅडमनी बघून सांगितलं, "होईल तात्या. दोन रूट कॅनल, तीन कॅप. कॅप पुण्याहून बनवून येतात, मी घाई करून घेईन. आठ-दहा दिवस धरा." एखाद्याला आनंद झाला असता. तात्या तिथंच अडून बसले. म्हणाले, "मॅडम, जरा सावकाश न्हाई का व्हनार?"

मॅडमना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. हसून म्हणाल्या, "अहो, लोक लवकर करा म्हणून भांडतात माझ्याशी!"

तात्या खाली येऊन मला म्हणाले, "ताई, गॅरेजात आमची एक रीत व्हती. ड्रायव्हरच्या घरी कोन आजारी असलं, बारसं असलं, आन् मालक सुट्टी देईना, मंग तो गुपचूप मला यून सांगायचा. मी मालकाला सांगायचो, गाडी उभी ऱ्हानार, पार्ट यायचाय. पार्ट कुठला न् काय! गाडी टकाटक. पन दोन दिस गड्याला घर मिळायचं. मालकाला बी ठावं असंल म्हना, पन बोलला न्हाई कधी."

"मग?" मी म्हटलं.

"मंग काय? आपला बी पार्ट यायचाय."

मला एवढं हसू आलं की मी बिलाचं पुस्तक तोंडावर धरलं. पुढच्या शनिवारी फोन आला आणि तात्यांनी ठणकावून सांगितलं, "महिना लागंल. पार्ट पुन्यावरनं येतात. येकदा मोजमाप, मंग वाट बघायची, मंग पुन्हा घासायचं. महिनाभराचं काम हाय बाबा, दाताचं हाय, चेष्टा हाय का?"

पलीकडून मिलिंद म्हणाला, "महिना? तात्या, मला दोन आठवड्यांच्या वर सुट्टी मिळणं कठीण आहे."

"माग की! आजारपनाची रजा तिकडं नसती का?"

"बघतो."

फोन ठेवल्यावर मी हसले नाही. म्हटलं, "तात्या, महिना लई झाला. दोन आठवड्यांत येत असेल तर येऊ द्या ना त्याला." तर माझ्यावरच उसळले. "दोन आठवड्यात मला काय मिळतंय वं? दोन-तीन दिस त्याची झोप उतरत न्हाई. मंग बायकूची खरेदी पुन्याला. मंग सासरवाडी. मंग दोस्त. माझ्या ताटाला ताट लावून दोन टायम जेवंल आन् चालला. महिना असला की त्यातनं माझ्या वाट्याला आठ दिस तरी यतील." बापाचा हिशेब चुकीचा नव्हता. मांडला चुकीच्या जागी.

आणि मग त्यांनी तयारी काढली. घराला रंग दिला. नातीसाठी खुर्चीचा संडास बसवून घेतला, त्याचं सामान मंचरहून आणताना जीपवाल्याशी भांडले. जाड गादी घेतली. इंटरनेट घेतलं आणि ते चालतं का बघायला शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला रोज बोलवायचे. माझ्या बाकावर बसून बेत सांगायचे. पहिल्या आठवड्यात त्याला नुसतं झोपू द्यायचं. मग मढला, मिलिंदच्या मामाकडं दोन दिवस. एक दात बसला की मऊ भात आणि मटणाचं पाणी, आणि सगळे बसले की खेकड्याचा झणझणीत रस्सा, नांग्या फोडून. "त्याची आई करायची तसा म्या शिकलोय," म्हणाले. तीन वेळा करून बघितला होता म्हणे एकट्यासाठी.

शनिवारमागून शनिवार गेले. मिलिंद म्हणायचा, रजेचं बोलतोय, साहेब बघतो म्हणालाय. दात दुखतोच आहे. एक दिवस मॅडम खाली औषध घ्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "तात्या, मिलिंद कधी येतोय? दाढ जास्त दिवस तशी ठेवणं बरं नाही." मला राहवेना म्हणून मी सगळं सांगून टाकलं. मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "महिना? अहो तात्या, लावा आत्ताच्या आत्ता फोन! मी बोलते त्याच्याशी."

तात्या मान खाली घालून बसले. "आता कसं सांगू, मॅडम? बाप खोटं बोलला म्हनंल. न्हाई, येत्या शनिवारी मीच सांगतो. पार्ट लवकर आला म्हनतो."

त्या शनिवारी सकाळपासून येऊन बसले होते. दोनदा चहा झाला. मला तोंडपाठ करून दाखवलं, कसं सांगणार ते. फोन वाजला. तात्या बोलायच्या आत मिलिंदच म्हणाला, "तात्या, मी तुर्कस्थानात आहे. इथं दातांचंच मोठं हॉस्पिटल आहे, इंग्लंडातली पुष्कळ लोकं येतात. हॉटेलसकट सगळं स्वस्तात. आठवड्याच्या आत सगळे दात बसवून देतात. बरं झालं ना? तुम्हाला उगीच महिनाभर धावपळ."

तात्या म्हणाले, "बरं झालं की. लई बरं झालं." आणखी एकदा म्हणाले, "बरं झालं."

मग मला विचारलं, "ताई, ह्ये तुर्कस्थान कुठं आलं वं?" मी मोबाइलवर नकाशा काढून दिला. त्यांनी इंग्लंडावर बोट ठेवलं, सरकवत सरकवत तुर्कस्थानावर आणलं आणि तिथून हळूच पुढं आपल्याकडं. "ही तर आपलीच वाट हाय की. विमान ह्याच्यावरनंच येत असंल."

"येत असेल."

"म्हंजी एवढा आला व्हता."

मला तेव्हा रडूच आलं. मी मागच्या कपाटात औषध शोधायला गेले आणि बराच वेळ शोधत राहिले. मिलिंदचा राग आला, तात्यांचा त्याहून जास्त आला. आठ-दहा दिवस सांगितले असते तर पोरगा उड्या मारत आला असता हो!

पुढच्या शनिवारी ते मिलिंदचा फोटो घेऊन आले. पोरगा तोंडभर हसत होता, दात पांढरेशुभ्र, मागं समुद्र. मला दाखवला आणि मग वर घेऊन गेले. त्यांच्या चष्म्याचा नंबर बदलला होता, जिना चढताना ठेचकाळत होते, म्हणून मीही मागोमाग गेले. मॅडम एका पेशंटच्या तोंडात काम करत होत्या, तर तात्या दारात उभे राहिले, हात बांधून. काम झाल्यावर मोबाइल पुढं केला. "मॅडम, जरा बघा. काम नीट झालंय का? फशिवला तर न्हाई ना माझ्या पोराला?"

मॅडमनी हातमोजे काढले, फोटो मोठा करून बघितला. नुसत्या फोटोवरून काय कळणार? पण त्यांनी अगदी एक्स-रे बघावा तसा बघितला, वरचे दात, खालचे दात. म्हणाल्या, "चांगलं झालंय, तात्या. छान दिसतोय मिलिंद."

"मंग झालं," तात्या म्हणाले, आणि मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवला.

बाकावर येणं त्यांनी बंद केलं नाही. आखातातली माणसं येतच होती, आंबीलही येत होती. पण 'किती दिस हायेस' हे विचारणं थांबलं. आपलं, नंबर लावायचा आणि गप्प बसायचं. रंगवलेल्या घराबद्दल मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भिताडं हायती, बरी दिसत्यात."

पुढच्याच पावसाळ्यात तात्या झोपेत गेले. मिलिंद आला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत राहिला, आणि त्यानंतरही राहिला, कारण तिकडं बसवलेल्या एका दातात ठणका होता. मॅडमनी ती कॅप काढली, आतलं साफ केलं, नवी कॅप पुण्याहून मागवली. आठवड्याभरात सगळं आवरलं. शेवटच्या दिवशी तो खाली आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "ताई, मॅडम म्हणतात माझे सगळे दात दहा दिवसांत झाले असते. मग तात्यांनी महिना का सांगितला होता?" मी सांगितलं. सांगावं की नाही, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. पण त्यानं सरळ विचारलं आणि मला खोटं जमलं नाही. एवढा मोठा पोरगा, गिऱ्हाइकांसमोर ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडला. नवी कॅप बसवलेला गाल त्यानं हातानं धरला होता, म्हणून लोकांना वाटलं दात दुखतोय.

मला मात्र तात्या आठवतात ते त्याच्या आधीचे, जायच्या महिनाभर आधीच्या शनिवारचे. मिलिंदचा फोन स्पीकरवर होता. तो म्हणत होता, "तात्या, त्यातला एक दात दुखायला लागलाय. ते म्हणतात, पुन्हा तुर्कस्थानात या. मॅडम बघतील का हो? किती दिवस लागतील?"

मला वाटलं, आता तात्या वर जाऊन विचारतील. ते जागचे हलले नाहीत. फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "येका दिसाचं काम हाय. सकाळच्याला ये, सांजच्याला माघारी जा. म्या ऱ्हा म्हननार न्हाई."

मिलिंद म्हणाला, "दिवाळीला बघतो, तात्या. नक्की बघतो."

फोन बंद झाला. तात्या माझ्याकडं वळले. "व्हईल ना वं ताई, येका दिसात?"

"होईल," मी म्हटलं. होणार नव्हतं, त्यांनाही माहीत होतं.

शिनोलीची जीप भरली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तात्या उठले, रस्ता ओलांडून गेले आणि मागच्या बाकावर दाटीवाटीत बसले. जीप हलली तशी त्यांनी बाहेर हात काढला आणि एक बोट वर करून मला दाखवलं. एकच दिवस. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते बोट तसंच वर होतं.